पारंबीला माती

आमच्या गावच्या स्टँडवरचा वड रस्ता रुंद करताना काढला, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. सकाळी करवत लागली आणि दुपारपर्यंत बुंध्याचे ओंडके रस्त्याकडेला रचून झाले. बुंधा आतून पोकळ निघाला. ढोलीत पोपटांची पिसं होती आणि कुणीतरी कधीकाळी ठेवलेली पितळेची एक छोटी घंटी. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून होते, कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी दंडाएवढी जाड एक फांदी ओढत घरी आणली, वरच्या टोकाला शेणमाती लिंपली आणि दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर पुरली. ती लागली. आता तिचं चांगलं झाड झालंय, सावली पडते.

मी ब्लाउज शिवते. शिक्रापूरला माझं दुकान आहे. झाडांचा अभ्यास वगैरे माझा काही नाही. पण तो वड गेल्यापासून जुनं झाड दिसलं की मी थांबते, बुंध्याला हात लावते आणि त्याच्या पायाशी काय चाललंय ते बघते. पायाशी बहुतेक वेळा सिमेंट असतं.

गेल्या माघात अण्णा म्हणाले, “मला एकदा पेमगिरीचा वड दाखव.” अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ते काही मागत नाहीत, म्हणून मागितलं की लगेच करायचं असतं. भाच्याची गाडी होती. तो भूगोल घेऊन एम.ए. करतोय. तो म्हणाला, “मावशी, नुसता वड कशाला, वाटेत निघोज आहे, बोरी आहे. कुकडीच्या काठाकाठानं जाऊ आणि मग संगमनेर गाठू.” अण्णांना निघोजच्या मळगंगेला नारळ फोडायचाच होता. दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं. पिशवीत डबे, अण्णांच्या गोळ्या, सुतळीचा गुंडा आणि माझी कामाची साठ इंची टेप टाकली.

झाड मोजायची रीत मला भाच्यानंच सांगितली होती. छातीइतक्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर घ्यायचा. ही उंची वनखात्यात सगळीकडे ठरलेली आहे. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूनं उंची धरायची. मोठ्या झाडाला टेप पुरत नाही, म्हणून आधी सुतळी फिरवायची, गाठ मारायची आणि मग सुतळी मोजायची. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण अंगाचा घेर घेण्यात माझं आयुष्य गेलंय. टेप ढिली पडली की कपडा बिघडतो आणि जास्त आवळली तरी बिघडतो, हे हाताला कळतं.

शिरूरवरून टाकळी हाजीच्या अंगानं आम्ही निघोजच्या कुंडावर, म्हणजे कुकडीतल्या रांजणखळग्यांवर, पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पुणे जिल्हा. पलीकडे निघोज, पारनेर तालुका. देवीचं देऊळ दोन्ही काठांना आहे. अण्णांनी दर्शन घेतलं, नारळ फोडला आणि मग आम्ही खडकावर उतरलो.

रांजणखळगे मी शाळेच्या पुस्तकात पाहिले होते, चित्रात. प्रत्यक्षात आधी डोळ्यांना काही कळतच नाही. सगळं काळं. मग हळूहळू एकेक आकार सुटा होतो. इथे रांजण, तिथे माठ, पलीकडे दोन रांजणांची मधली भिंत झिजून एक झालेली. कडा इतक्या गुळगुळीत की तळवा फिरवला तर पाट्याच्या मधल्या खोलगट भागावरून फिरवल्यासारखं वाटतं. दगडही तोच आहे. आपला पाटा, वरवंटा, जातं ज्या काळ्या कातळाचं, तोच हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, त्याचा हा दख्खनचा बेसाल्ट.

भाचा एका उथळ खळग्याशी बसला आणि आत हात घालून त्यानं एक गोटा वर काढला. कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडा मोठा, काळसर, सगळीकडून सारखा. “हे हत्यार,” तो म्हणाला. पुराचं पाणी खडकाच्या खाचेत शिरतं, तिथे भोवरा होतो आणि वाहत आलेले गोटे त्या भोवऱ्यात गरागरा फिरत राहतात. ते तळ घासतात, बाजू घासतात आणि घासता घासता स्वतःही झिजून जातात. मग पुढच्या पुरात नवे गोटे येतात. जात्यात दाणे दळले जातात. इथे दाण्यांनी जातं दळलंय.

अण्णांनी तो गोटा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, बोटांनी पुसला. मला वाटलं खिशात टाकतील, कारण पूर्वी नदीवर गेलं की ते माझ्यासाठी असे गोटे आणायचे. पण ते गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि गोटा होता तिथेच परत ठेवला. म्हणाले, “त्याचं काम चालू आहे.”

ते काम आता मात्र पूर्वीसारखं चालत नाही. कुकडी जुन्नरच्या डोंगरात उगम पावते. पूरच्या कुकडेश्वराचं देऊळ तिच्या उगमाजवळचं. तिथून इथवर येईपर्यंत वाटेत माणिकडोह आहे, येडगाव आहे. धरणं भरली आणि पाणी सोडलं की नदीला पूर, नाहीतर ती खळग्याखळग्यांत साचून राहते. त्या धरणांवर आमच्याकडचा ऊस आणि कांदा जगतो, हे मी विसरत नाही. आमच्या शेतालाही आवर्तनाचंच पाणी आहे. पण हजारो पावसाळ्यांनी हे कोरलं, आणि आता नदीला कधी फिरायचं ते वेळापत्रक ठरवतं, हा विचार डोक्यातून जाईना. एका मोठ्या रांजणात डोकावले तर तळाशी गोटे होते आणि गोट्यांच्या वर पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या शेंड्या, चिप्सची पाकिटं. भोवरा झाला तरी बाटल्या दगड कोरत नाहीत. हाताला लागल्या तेवढ्या आम्ही काढल्या, एक गोणी भरली. जे बाकी होतं ते खोल होतं आणि तिथे उतरणं बरोबर नव्हतं. हे कुणी जाणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावं. रांजणाच्या बाजू वरपासून खालपर्यंत गुळगुळीत असतात. आत पाणी असताना पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही धरायला काही मिळत नाही. कडेवर उभं राहून फोटो काढू नका आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

निघोजहून अळकुटी, बेल्हे करत आम्ही बोरीकडे निघालो. ऊन चढलं होतं. अण्णा गाडीत झोपले. बोरीत नक्की काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं आणि गेल्यावरही आधी काही दिसलं नाही. नदीच्या काठाची मातीची दरड, तिच्यात मधोमध एक फिकट पट्टा. भाच्यानं बोट लावून दाखवलं तेव्हा कळलं. ती राख आहे. समुद्रापलीकडे सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यानं भारतभर पसरली आणि काही नद्यांच्या काठी गाळात दबून राहिली. बोरीतली राख त्यातलीच, असं पुष्कळ संशोधक मानतात. तसं असेल तर ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. इथेच आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आणि ती घडणीनं फार जुन्या काळातली दिसतात, म्हणून दुसरे काही संशोधक राखेचं वय लाखांत धरतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या लोकांनी इथे बरंच काम केलंय. हा वाद भाचा मला रंगून सांगत होता. मी चिमूटभर राख बोटांवर घेऊन चोळली. शिरगोळ्याच्या रांगोळीसारखी, पण तिच्याहून हलकी. कुठला डोंगर फुटला आणि त्याची राख कुठे आमच्या कुकडीला येऊन निजली. काठावर शेजारीच कुणाचा तरी मोटारीचा पाइप पाण्यात सोडलेला होता आणि वर मक्याचं शेत. पाटी नाही, कुंपण नाही. दरड दरवर्षी थोडी थोडी ढासळते. आम्ही काही उचललं नाही. बोटांवरची राखही मी तिथेच झटकली.

रात्री संगमनेरला लॉजवर राहिलो. मुळा ओलांडून घारगाव, पुढे चंदनापुरीचा घाट, हा नाशिक रस्ता आता इतका रुंद झालाय की अण्णांना कुठलीच खूण सापडेना. ते म्हणाले, “या रस्त्याला पूर्वी दोन्ही अंगांनी झाडं होती, सावलीतून एसटी जायची.” मी त्यांना आठवण दिली नाही, पण आम्हा दोघांच्याही मनात स्टँडवरचा वडच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अकोले गावच्या रस्त्यानं निघून आत वळलो आणि पेमगिरी गाठलं. गावाच्या माथ्यावर किल्ला आहे. शहाजीराजांनी १६३३ च्या सुमारास निजामशाहीचा लहान वारस मुर्तजा इथे गादीवर बसवला आणि त्याच्या नावानं जवळजवळ तीन वर्षं राज्य चालवलं. १६३६ ला माहुलीच्या किल्ल्यावर ते संपलं. अण्णांना ही हकीकत पाठ आहे. किल्ला चढायची त्यांची ताकद नाही, त्यांनी खालूनच हात जोडले.

वड गावापासून थोडा बाजूला, डोंगराच्या कुशीत आहे. गाडी थांबली तेव्हा मला समोर राई दिसली. दाट, हिरवीगार, घुमटासारखी वर उचललेली. मी विचारलं, “वड या राईच्या पलीकडे आहे का?” भाचा हसला. ती राईच वड होती. एकच झाड.

आत शिरलो आणि ऊन मागे राहिलं. फाल्गुन लागला होता, बाहेर चटका होता. आत ओल्या पोतेऱ्यासारखा गारवा. वडाच्या फांद्या माणसाच्या कमरेएवढ्या जाड होऊन आडव्या गेलेल्या, आणि जिथे त्यांना भार पेलवणार नाही तिथे पारंबी खाली उतरून खांब झालेली. एका खांबाशी उभं राहून पाहिलं तर पुढे खांब, त्याच्या पुढे खांब, जुन्या वाड्याच्या सोप्यात उभं राहावं तसं. अडीच-तीन एकरांवर हा पसारा आहे असं सांगतात. मी बुंधा शोधायला लागले. मोजायची सुरुवात बुंध्यापासून करायची, हे मनाशी ठरवलं होतं. एक मोठा खांब बुंधा वाटला, तर पलीकडे त्याच्याहून मोठा. वर पाहत फांद्यांचा माग काढला तर फांदी एका खांबातून निघून दुसऱ्यात शिरायची. मूळ झाड कुठलं, ते मला अर्ध्या तासातही ठरवता आलं नाही.

भाच्यानं समजावलं की वडाचं असंच असतं. जुना बुंधा कुजला, गेला, तरी झाड जात नाही. कोलकात्याजवळ हावड्याला वनस्पती उद्यानात जो प्रसिद्ध वड आहे, त्याचा मुख्य बुंधा बुरशीनं सडला म्हणून १९२५ मध्ये काढून टाकला. आज शंभर वर्षांनंतरही ते झाड वाढतंच आहे, निव्वळ पारंब्यांवर. आंध्रातल्या अनंतपूरकडच्या तिम्मम्मा मर्रीमानूची नोंद १९८९ मध्ये गिनीज बुकात झाली, त्याचाही पसारा साडेचार एकरांच्या वर आहे, आणि तोही पारंब्यांचाच. म्हणूनच वडाचं वय सांगणं अवघड. थंड मुलखातल्या झाडाला वर्षाला एक वलय पडतं, ती मोजता येतात. आपल्याकडच्या वडाला तशी भरवशाची वलयं पडत नाहीत, आणि सगळ्यांत जुनं लाकूड तर कधीच मातीत गेलेलं असतं.

अण्णा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे आपल्या वडाचा बुंधा पोकळ होता, त्यानं काही बिघडत नव्हतं.”

मला उत्तर देता आलं नाही. आमचा वड तोडला तेव्हा सगळे हेच म्हणाले होते की आतून पोकळच होता, आज ना उद्या पडलाच असता. पण तो एका पायावर का उभा होता, ते कुणी विचारलं नाही. त्याच्या पाराला मी लहान असतानाच सिमेंट झालं. पारंब्या एसटीच्या टपाला लागतात म्हणून कापायच्या, विजेच्या तारांना लागतात म्हणून कापायच्या, पोरं झोके घेतात म्हणून कापायच्या. खाली आलीच एखादी, तर तिला माती कुठे होती? डांबर आणि सिमेंट. इतक्या वर्षांत त्याला दुसरा पाय टेकवू दिला नाही आम्ही.

पेमगिरीला मी एक पारंबी अगदी जवळून पाहिली. जमिनीपासून वीतभर वर राहिलेली, जाडीला पेन्सिलीएवढी. वरचा भाग तपकिरी, खरबरीत, वाखाच्या दोरासारखा. खाली येता येता ती मऊ होत जाते आणि टोकाला बारीक बारीक फाटे फुटून कुंचला होतो. त्या फाट्यांची टोकं पिवळसर पांढरी, ओलसर, नुकत्या मोड आलेल्या मटकीसारखी. तेवढंच टोक जिवंत वाढत असतं. येताजाता कुणी सहज ओरबाडलं की तिची वाढ तिथे थांबते. तिच्या शेजारी दुसरी होती, मातीला टेकून बहुधा एखाद-दोन पावसाळे झालेली. ती अंगठ्याएवढी जाड आणि तारेसारखी ताठ. हातानं ढकलून पाहिलं, हलली नाही. आणि जिथे लोक जास्त बसतात, येतात-जातात, तिथली जमीन पायांनी धोपटून फरशीसारखी झाली होती. तिथे वरून पारंब्या आलेल्या होत्या, खाली रुजलेली मात्र एकही नव्हती.

मग मी मोजायला घेतलं. बुंधा नाही तर नाही, खांब मोजू. सुतळीचं टोक अण्णांच्या हाती दिलं आणि गुंडा सोडत खांबाला फेरी घालायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय गं बाई, वटपौर्णिमेला अजून तीन-साडेतीन महिने हायेत. आत्ताच दोरा गुंडाळायला लागली का?”

एक मावशी होत्या. पाच-सहा शेळ्या घेऊन आल्या होत्या. शेळ्या खाली पडलेली पानं आणि फळं वेचून खात होत्या. मी सांगितलं, “मावशी, झाड मोजतेय.”

“मोज की. पण सुतळी काढून ने परत. बांधून ठेवली की आवळते, झाडाला घट्टा पडतो.”

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. वटपौर्णिमेला आपण सात फेरे गुंडाळतो. कच्चं सूत पावसात कुजून जातं, त्याचं काही नाही. पण आता बाजारात नायलॉनचा दोरा मिळतो, तो वर्षानुवर्षं राहतो आणि साल वाढली की आत रुततो. शिवणकाम करणाऱ्या बाईला दोऱ्यातला फरक कळायला हवा होता. पुण्यात तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात. घरी कुंडीत खोचून पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी फांदी कचऱ्यात. ज्या झाडापाशी नवऱ्याचं आयुष्य मागायचं त्याचाच हात तोडून आणायचा, हे मला कधीच पटलं नाही आणि मी ते करत नाही.

मावशी अण्णांशी बोलत बसल्या. झाडाखाली देवीचं ठाणं आहे. “देवीचं झाड हाये,” त्या म्हणाल्या. “चुलीला काटकीसुदिक कुणी नेत नाही. माझ्या सासूनं नाही नेली, मीबी नेत नाही. वाळलेली फांदी पडली तर तिथंच पडून ऱ्हाती.” अण्णांनी विचारलं, “आणि सरपणाला?” “बाभळ हाय की.”

ही रीत काही एकट्या पेमगिरीची नाही. सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा त्यांना गावोगाव हेच दिसलं होतं की देवाच्या रानातून काटकी न्यायची नाही. कायदा पुष्कळ नंतर आला, तोही अपुरा. २०२१ मध्ये राज्यानं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण दिलं, पण तो कायदा नागरी भागाचा. जुनी झाडं तर खेड्यांत आहेत. सांगली जिल्ह्यात भोसे गावी महामार्गात जाणारा चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड २०२० मध्ये लोकांनी आंदोलन करून वाचवला, रस्त्याची आखणी त्याच्यासाठी बदलली. दोन वर्षांनी तो वड उन्मळून पडला. ती बातमी वाचून मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. झाड वाचवायचं म्हणजे बुंधा ठेवायचा एवढंच नाही. सभोवतालची माती, मुळं, पारंब्यांना उतरायची जागा, एवढं सगळं ठेवावं लागतं, तेव्हा झाड राहतं.

पेमगिरीला एका खांबाचा घेर चौऱ्याण्णव इंच भरला. दुसरा एकसष्ट. तिसरा म्हणजे चार पारंब्या एकमेकींत मिसळून झालेला होता, त्याला छातीच्या उंचीवर सुतळी सरळ बसेना, आत दरी पडायची. दर्जीच्या भाषेत त्याला माप लागत नाही. असे सतरा खांब मोजून मी थांबले. मग झाडाच्या कडेकडेनं पावलं टाकत पसारा मोजायला निघाले, पण मध्ये काटेरी झुडपं आली, पुढे शेताची ताल आली, आणि मोजणी चुकली. पुन्हा मोजावंसं वाटलं नाही. तिथेच उभी राहून वर बघत बसले.

वर गजबज होती. फळं पिकली होती, लालभडक, देठाशिवाय फांदीला दोन दोन चिकटलेली. तांबट एकसारखा टुक-टुक करत होता. हरियलांचा थवा होता, पण हिरव्या पानांत ते दिसेचनात, फळं टपटप पडायची तेवढ्यावरून कळायचं. हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी. भाच्यानं एक फळ फोडून दाखवलं. वड, पिंपळ, उंबर एकाच कुळातले, त्यांची फुलं फळाच्या आत असतात. म्हणून उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. एक तिळाहून लहान गांधीलमाशी फळाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, परागकण पोचवते आणि तिथेच अंडी घालते. वडाची माशी वेगळी, उंबराची वेगळी. ती माशी नसेल तर वडाला रुजणारं बी धरत नाही. अण्णांनी ते फोडलेलं फळ डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं वडाखाली काढलेला माणूस, त्यांना हे पहिल्यांदाच दिसत होतं.

मावशी उठल्या तेव्हा जाता जाता अण्णांना म्हणाल्या, “बाबा, तुमच्याकडं हाये का वड?”

अण्णा म्हणाले, “आहे. बांधावर. लहान आहे.”

“पारंब्या सुटल्या का?”

अण्णा गप्प राहिले. त्या बांधावरच्या वडाला तीन-चार वर्षांपासून पारंब्या सुटतात, आणि दर उन्हाळ्यात अण्णाच कोयत्यानं त्या कापतात. ट्रॅक्टरला आडव्या येतात म्हणून. मला हे ठाऊक होतं. मी कधी काही बोलले नव्हते, कारण एक-दीड एकराच्या शेतात प्रत्येक वाफा मोलाचा असतो.

परतीच्या वाटेवर ते फार बोलले नाहीत. आळेफाट्याला चहाला थांबलो तेव्हा भाच्याला एवढंच विचारलं, “हावड्याला त्या पारंब्या खाली आणतात कशा?” भाच्यानं सांगितलं की पोकळ बांबू उभा करायचा, त्यात माती भरायची आणि पारंबीचं टोक आत सोडायचं. आत ओल राहते, टोक सुकत नाही, गुरं खात नाहीत, आणि पारंबी बांबूतून सरळ खाली जाऊन जमीन धरते.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेले होते. गुढीचा वेळू अण्णांनी उभा चिरला होता, आतल्या गाठी पटाशीनं काढल्या होत्या. एका बाजूला गाळ आणि कुजलेलं शेणखत कालवून ठेवलेलं. बांधावरच्या वडाच्या दक्षिणेकडच्या फांदीला एक पारंबी होती, माझ्या खांद्यापर्यंत आलेली. आम्ही दोघांनी वेळूची एक फाक तिच्या पाठीशी धरली, माती भरली, दुसरी फाक लावली आणि पेमगिरीहून परत आणलेली तीच सुतळी तीन ठिकाणी बांधली, सैल. खाली हातभर खड्डा करून वेळूचं बूड त्यात बसवलं. अण्णांनी रोज संध्याकाळी वरून तांब्याभर पाणी घालायचं ठरवलं आणि उन्हाळाभर घातलं. वैशाखात माझा भाऊ नांगरटीला ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा अण्णा बांधावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “वडाच्या अंगानं दोन तासं सोड.” भावानं एकदा वेळूकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि दोन तासं सोडून ट्रॅक्टर वळवला.

आषाढात पाऊस चांगला झाला. एका दुपारी दुकानात गर्दी असताना अण्णांचा फोन आला. “येताना टेप घेऊन ये.”

वेळू कुजून एका बाजूनं उकलला होता. आतली पारंबी तपकिरी झाली होती, खालची माती तिनं धरली होती. बोटानं हलवून पाहिली, हलली नाही. गुडघ्यावर बसून मी टेप फिरवली, ढिली नाही, आवळून नाही. दुकानाच्या मापांच्या वहीत, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या मापाखाली, अण्णांनी सांगितलं तसं लिहिलं: बांधावरचा वड, पारंबी पहिली, दक्षिण अंग, पावणेदोन इंच.